मटकीला तोड कोण देणार?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा हमखास एक यंत्र बनवतो. त्याला मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि हवेतलं तापमान, ओलावा, पाऊस असे सात आकडे सांगितले, की या रानात कोणतं पीक घ्यावं ते यंत्र सुचवतं. बापाने उसाच्या बिलातून फी भरायची आणि मुलाने त्या फीच्या जोरावर बापाला काय पेरावं ते सांगायचं, असा हा एकूण व्यवहार. बाहेरून आलेले परीक्षकही या प्रकल्पावर खूश असतात. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात त्यांनी हेच यंत्र पाहिलेलं असतं, त्यामुळे काय विचारायचं ते त्यांना ठाऊक असतं. काय उत्तर द्यायचं ते मुलांना ठाऊक असतं. वातावरण खेळीमेळीचं राहतं.

माझ्या भाच्यानेही हेच यंत्र केलं. यंत्राला आधी शिकवावं लागतं आणि शिकवायला माहिती लागते. ती बहुतेक सगळी पोरं कॅगल या संकेतस्थळावरच्या एकाच यादीतून उतरवून घेतात. यादीत २,२०० ओळी आहेत, २२ पिकं आहेत आणि प्रत्येक पिकाला बरोबर १०० ओळी. इतका समान न्याय आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीतही होत नाही. भात, मका, हरभरा, तूर, मटकी, मूग, उडीद, मसूर, राजमा, डाळिंब, केळी, आंबा, द्राक्ष, कलिंगड, खरबूज, सफरचंद, संत्रं, पपई, नारळ, कापूस, ताग आणि कॉफी. झाली बावीस. आता ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि तीत ऊस कुठे आहे ते मला दाखवा.

नाही. ज्वारी नाही, बाजरी नाही, गहू नाही, कांदा नाही, आणि ऊस नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो, इतके कारखाने बारामती-इंदापूर या ज्या दोन तालुक्यांत दिवाळीनंतर रात्रंदिवस चालतात, तिथल्या मुलाच्या यंत्राला ताग माहीत आहे, सफरचंद माहीत आहे, पण ऊस नावाचं काही जमिनीतून उगवतं याची गंधवार्ता नाही. संशोधनात याला ‘अभ्यासाची मर्यादा’ म्हणतात. अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानावर ती लिहून टाकली की पाप फिटतं.

एवढं असूनही यंत्राची अचूकता निघते ९९ टक्के. सगळ्याच पोरांची तेवढीच निघते. यादीतल्या ऐंशी टक्के ओळी यंत्राला शिकवायच्या, वीस टक्के झाकून ठेवायच्या आणि मग त्या झाकलेल्या ओळींवर त्याची परीक्षा घ्यायची, अशी पद्धत आहे. म्हणजे यादीबाहेरच्या जगाचा संबंधच येत नाही. जग यादीबाहेर आहे, हा जगाचा दोष.

भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याने हे यंत्र आमच्या शेजारच्या आबांच्या रानावर चालवलं. आबांची चार एकर काळी जमीन नीरा डाव्या कालव्याखाली आहे. माती परीक्षणाचा कागद होताच, त्यावरचे आकडे घातले. पाऊस म्हणून भाच्याने बारामतीचा वर्षाचा सरासरी पाऊस टाकला. यंत्राने क्षणात सांगितलं, भात.

“आबा, यंत्र भात सांगतंय.”

“मग मला मुळशीत रान घेऊन दे,” आबा म्हणाले.

पोराने तपासलं. यादीतल्या पावसाचा सगळ्यात मोठा आकडाच ३०० मिलिमीटरच्या आत आहे. तो महिन्याचा, हंगामाचा की आणखी कशाचा, हे यादी सांगत नाही. पण त्या हिशेबाने आपला कायमचा अवर्षणग्रस्त तालुका कोकण ठरतो. मग भाच्याने पावसाला बाराने भागलं. यंत्राने पुन्हा विचार केला आणि सांगितलं, मटकी.

आबा जरा गंभीर झाले. मटकी त्यांच्या आज्याने केलेली होती, त्यामुळे यंत्र अगदीच वेडं नव्हे असं त्यांचं मत झालं. पण मग त्यांनी विचारलं, “आरं पोरा, मटकीला तोड कोण देणार? मटकीची नोंद घ्यायला गटऑफिसातनं माणूस येतो का? सोसायटीचं कर्ज मटकीच्या बिलातनं वळतं होतंय का? आन् धाकट्याच्या बायोडाट्यात काय लिहू, चार एकर मटकी?”

भाच्याने हे चारही प्रश्न वहीत टिपून घेतले आणि त्यांच्यापुढे ‘तांत्रिक नाहीत’ असं लिहिलं.

माझं मत असं की, या विषयावर जेवढे प्रबंध लिहिले गेले आहेत त्यांच्यातून निसटलेली गोष्ट आबांनी पहिल्याच प्रश्नात पकडली होती. पण ती मांडायची तर सुचवणाऱ्या यंत्रांच्या कुळाकडे थोडं बघावं लागेल.

१९९४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी ग्रुपलेन्स नावाची एक व्यवस्था केली. इंटरनेटवर बातम्या आणि चर्चांचा ढीग पडायचा, त्यातलं तुम्ही काय वाचावं ते ती सुचवायची. तत्त्व साधं होतं. आजवर तुमची आवड ज्यांच्याशी जुळली, त्यांना आज जे आवडलं ते तुम्हालाही आवडेल. पुढे नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. आमच्या यंत्रापेक्षा १० टक्के चांगला अंदाज जो करील, त्याने ते घेऊन जावं. जगभरचे गणिती तीन वर्षं झटले. २००९ मध्ये निकाल लागला तेव्हा दोन संघांचे गुण सारखेच निघाले आणि ज्याने आपलं उत्तर वीस मिनिटं आधी पाठवलं होतं त्याला बक्षीस मिळालं. गंमत पुढेच आहे. ते जिंकलेलं अख्खं गणित कंपनीने वापरलंच नाही. ते चालवण्याचा खटाटोप मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने फार होता. बक्षीस देऊन झालं, फोटो झाले, आणि यंत्र कपाटात. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनातल्या पहिल्या नंबरच्या अवजारांचं पुष्कळदा हेच होतं, त्यामुळे मला अमेरिका एकदम जवळची वाटली.

पण सिनेमा आणि पीक यांत एक मोठा फरक आहे. एकच सिनेमा दहा लाख लोकांना सुचवला आणि दहा लाखांनी पाहिला, तर शेवटच्या माणसालाही तो तेवढाच दिसतो. एकच पीक दहा हजार शेतकऱ्यांना सुचवलं आणि सगळ्यांनी ऐकलं, की ते रस्त्यावर ओतायची वेळ येते. ‘तुमच्यासारख्या इतरांनी टोमॅटो लावला’ हे वाक्य यंत्राच्या दृष्टीने टोमॅटो लावण्याचं कारण आहे. आबांच्या दृष्टीने ते न लावण्याचं कारण आहे. यंत्राचा सल्ला जितका जास्त लोक मानतील तितका तो खोटा ठरतो, आणि झाकलेल्या वीस टक्के ओळींवर परीक्षा घेऊन हे कधीच कळत नाही.

आमच्या भागाला सुचवणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती म्हणा. एका काळात सागवान सुचवलं गेलं, वीस वर्षांत कोट्यधीश. मग सफेद मुसळी आली. मग इमू आला. उंच मानेचा तो पक्षी अंडी, तेल, कातडं, पिसं असं सगळं देणार होता. त्याने एकच गोष्ट भरपूर दिली, ती म्हणजे खाद्याचं बिल. मग कडकनाथ कोंबडी, मग ड्रॅगन फ्रूट. यातली प्रत्येक शिफारस अगदी शास्त्रशुद्ध होती. ‘ज्यांनी घेतलं त्यांना फायदा झाला’ हे खरंच असायचं, कारण ज्यांनी आधी घेतलं त्यांनी पिल्लं नंतर घेणाऱ्यांना विकलेली असायची.

मोबाईलची शिफारस तर आणखी वेगळी. संशोधक असं धरून चालतात की एक फोन म्हणजे एक माणूस. आमच्याकडे एक चांगला फोन म्हणजे एक घर. त्यामुळे कुठल्या तरी दूरच्या संगणकात आबांच्या घराची नोंद अशी असणार: हा गृहस्थ पहाटे हरिपाठ ऐकतो, सकाळी शिलाई मशीनचे भाव बघतो, दुपारी कार्टून बघतो, संध्याकाळी बैलगाडा शर्यत आणि रात्री अकरानंतर पोलीस भरतीची गणितं सोडवतो. या गृहस्थाला काय विकावं या विवंचनेत ते यंत्र आहे. सध्या ते त्याला शेळीपालनाचं प्रशिक्षण आणि लहान मुलांची सायकल सुचवतंय.

आबा स्वतः संशोधन करतात, पण त्यांची पद्धत निराळी आहे. नवं खत किंवा नवं बेणं आलं की ते आधी कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसतात. दुकानदार जे घ्या म्हणतो ते ऐकतात, आणि जे तो स्वतःच्या रानात वापरतो ते शोधून काढतात. मग ते घेतलेल्या माणसाच्या बांधावरून मुद्दाम वाट वाकडी करून जातात. त्या माणसाला काही विचारत नाहीत. “कसा आहे ऊस?” असं विचारलं तर तो “बरा हाय” म्हणणार, आणि मराठी शेतकऱ्याचं “बरा हाय” हे एकरी तीस टनालाही असतं आणि नव्वद टनालाही. आबा फुटवे मोजतात, मुठीत कांडं धरून जाडी बघतात, विहिरीजवळ रिकामी पोती कोणत्या कंपनीची पडलीत ते बघतात, आणि खत टाकणाऱ्या गड्याला तंबाखू देऊन पोती किती टाकली ते विचारतात. शेवटचा पुरावा म्हणजे हंगामात कारखान्याच्या काट्याची पावती. त्याआधीचं सगळं आबांच्या लेखी अंदाज.

हसू नका. मोबाईल कंपन्या आज जिला ए-बी चाचणी म्हणतात, म्हणजे निम्म्या लोकांना हिरवं बटण दाखवायचं, निम्म्यांना लाल, आणि कुठलं जास्त दाबलं जातं ते बघायचं, तिचं मूळ असंच रानात आहे. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथे त्यांनी रानाचे तुकडे पाडून, कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे दैवावर सोपवून, फरक कसा ओळखायचा त्याचं शास्त्र बसवलं. आपल्याकडे हे शास्त्र शेतापर्यंत आणणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा साहेबाने किंवा शेतकऱ्याने मनाने निवडायचा नाही, तो आकड्यांच्या सोडतीने निघाला पाहिजे, हा त्यातला मुख्य आग्रह. हा आग्रह कशासाठी हे ज्याला कळत नसेल त्याने पीक विम्यासाठी कापणी चालू असताना रानात उभं राहावं. “साहेब, इकडं घ्या, हिथं पार जळालंय.” आणि त्याच रानात पीक स्पर्धेचे परीक्षक आले की तोच माणूस त्यांना हात धरून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. दोन्ही कोपरे खरेच असतात.

आबांच्या पद्धतीत सोडत नाही, हा तिच्यातला दोष. ज्याच्या बांधावरून वाट जाते त्याचंच रान ते बघतात. त्यामुळे को ८६०३२ हा उसाचा वाण सगळीकडे का, याचं अर्धं उत्तर ‘तो सगळीकडे आहे म्हणून’ असं आहे. नीरेपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली हा वाण महाराष्ट्रासाठी दिला, नावही ‘नीरा’ ठेवलं. ते नाव कुणी घेत नाही, सगळे शहाऐंशी बत्तीस म्हणतात. मग २००७ साली फुले २६५ आला. चोपण रानातही तग धरतो, टनेज देतो, म्हणून शेतकऱ्याला आवडला. कारखान्यांना त्याच्या उताऱ्याबद्दल शंका. एकच वाण, एकाच वेळी उत्तम आणि नकोसा, कारण एक जण टन मोजतो आणि दुसरा साखर. कुणाच्या फायद्याचा आकडा वाढवायचा हे आधी ठरल्याशिवाय यंत्र कितीही हुशार केलं तरी उपयोग नाही.

आता आबांच्या तोडीकडे. भाच्याची थोरली बहीण एमबीए करते. तिला कॉलेजने प्रकल्प दिला होता, एका साखर कारखान्याच्या ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या प्रक्रियेचं प्रारूप. कारखान्याचं नाव सांगत नाही, मला अजून ऊस घालायचा आहे. प्रारूप म्हणजे चित्र. काम असेल तिथे चौकोन, निर्णय असेल तिथे शंकरपाळी, मधे बाण, आणि प्रत्येक खात्याला पोहण्याच्या शर्यतीत असतो तसा आडवा पट्टा. हा उद्योग तसा जुना आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन जोडप्याने १९२१ साली इंजिनिअरांपुढे प्रक्रियेचे तक्ते मांडले, काम करण्याची एकमेव उत्तम रीत शोधण्यासाठी. गिलब्रेथ दांपत्याने एकदा गळीत हंगाम बघायला हवा होता. ‘एकमेव’ हा शब्द त्यांनी परत घेतला असता.

भाची आधी शेतकी खात्याच्या साहेबांकडे गेली. त्यांनी चहा दिला आणि प्रक्रिया सांगितली. उसाची नोंद, लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा कार्यक्रम, तोडचिठ्ठी, टोळी, भरणी, काटा, गव्हाण, पावती, चौदा दिवसांत पैसे. सगळे चौकोन एका ओळीत, एकही शंकरपाळी नाही. चित्र इतकं देखणं झालं की बघताना आपला ऊस त्यातून जावा असं वाटावं.

मग ती तोडचिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला भेटली. तो म्हणाला, कार्यक्रम असतोच, पण फोन येतात. कुणाचे? “येतात.” तिने ‘फोन’ नावाची एक शंकरपाळी काढली आणि तिच्यात कोणता बाण येतो ते मोकळं सोडलं. मग टोळीचा मुकादम भेटला. त्याचं म्हणणं, चिठ्ठी कुणाची का असेना, आम्ही आधी रस्ता बघतो. ट्रॅक्टर रुतणार का, ऊस उभा आहे का लोळलाय, खोपीजवळ पाणी आहे का. बीडहून, नगरहून बायकापोरं घेऊन आलेल्या माणसाला घरखर्च आणि अंगावरची उचल, दोन्ही टनावरच भागवायचं असतं. पडलेल्या उसात दिवस घालवणं त्याला परवडत नाही, आणि त्याचं काय चुकलं हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. मग वाहनाचा ड्रायव्हर भेटला, त्याच्या प्रक्रियेत ‘एन्ट्री’ नावाचा, म्हणजे दर खेपेला शेतकऱ्याकडून घ्यायच्या पैशांचा, एक टप्पा होता. आणि शेवटी आबा. त्यांच्या प्रक्रियेत ‘खुशाली’ होती आणि एक मटणाचं जेवण होतं, आणि तोड याच दोन टप्प्यांच्या मधे होत होती.

खुशाली म्हणजे खुशीने द्यायची रक्कम. तिचा दर ठरलेला असतो आणि खुशी विचारली जात नाही. शेतकरी ती देतो त्याला साधं गणित आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तुरा आला, वेळ टळली की वजन घटायला लागतं, आणि रान मोकळं झालं नाही तर पुढचा गहू-हरभराही जातो. थांबण्याचा तोटा खुशालीपेक्षा मोठा, म्हणून खुशाली. हा चौकोन साहेबांच्या चित्रात नव्हता आणि कुठल्याच अधिकृत चित्रात नसतो. त्यात आगही नसते. जळालेला ऊस थांबवून चालत नाही, त्यामुळे थोडी कपात करून कारखाना तो आधी नेतो. हे कळल्यापासून काही ठिकाणी विजेच्या तारांच्या ठिणग्या पडून ऊस पेटतात, आणि काही ठिकाणी तारा नसलेल्या रानातही ठिणग्या पडतात.

भाचीकडे आता माणसं तेवढी चित्रं झाली. मार्गदर्शक सरांना तिने विचारलं, खरं कोणतं? सर म्हणाले, साहेबांचं. त्याच्यावर शिक्का आहे.

पोरगी हुशार, तिने दुसरी वाट धरली. विल व्हॅन डर आल्स्ट या डच संशोधकाने रूढ केलेली एक पद्धत आहे. माणसांना विचारूच नका, संगणकात कोणत्या कामाची वेळ कधी नोंदली गेली ते बघा, त्यावरून प्रक्रिया आपोआप उमटते. माणूस खोटं बोलतो, नोंद बोलत नाही. तिने त्या कारखान्याकडून तोडचिठ्ठ्यांच्या आणि काट्याच्या नोंदी मिळवल्या. काट्याच्या नोंदी सेकंदावर अचूक, कारण गाडी काट्यावर उभी असते. तोडीच्या नोंदींवरून मात्र असं दिसलं की गटातला सगळा ऊस रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटांत तोडला जातो. त्यातला निम्मा तोडायच्या आधीच काट्यावर पोहोचलेला असतो. खुलासा पुन्हा माणसानेच केला. चिटबॉयच्या शिवारात रेंज नाही. तो जेवून पाण्याच्या टाकीवर चढतो आणि दिवसभराच्या नोंदी तिथून एकदम टाकतो.

या सगळ्या गोंधळातून, खुशाली देऊन, जेवण घालून, आबा पुन्हा ऊसच लावतात. याला आमच्याकडे आलेले पाहुणे ‘शेतकऱ्याची मानसिकता’ म्हणतात. मानसिकता वगैरे काही नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचं बंधन कारखान्यावर घातलं आहे, दर केंद्र सरकार आधी जाहीर करतं, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये. पैसे उशिरा येवोत, हप्त्यांनी येवोत, पण कोणत्या दारात जाऊन भांडायचं ते ठाऊक असतं. टोमॅटोवाल्याला ते दार नाही, डाळिंबाला तेल्या लागला की इंदापूरच्या बागवाल्यालाही नाही. मटकीला तर नाहीच. आबा पीक निवडत नाहीत, पीक शेतातून कोण नेणार ते निवडतात. भाच्याच्या यंत्रात आणि भाचीच्या चित्रात मिळून जे असायला हवं होतं ते एवढंच, आणि एकाच घरात राहून ती दोघं आपापले प्रकल्प एकमेकांना दाखवत नव्हती, कारण विद्याशाखा वेगळ्या.

पाण्याचंही तेच. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊस उभा केला, २०२५ च्या फेब्रुवारीत सत्या नडेलांनी त्याची चित्रफीत जगाला दाखवली आणि इलॉन मस्क यांनीही तिच्यावर शेरा मारला. मस्क यांनी आमच्या उसाबद्दल बोलावं याचा बारामतीत कुणाला विशेष अचंबा वाटला नाही. इथे मोठी माणसं यायची सवय आहे. कल्पना चांगलीच आहे. मातीतला संवेदक, वरून उपग्रह, आणि फोनवर संदेश, आज पाणी द्या, आज देऊ नका. ज्याची विहीर आहे, ठिबक आहे, त्याला हे सोन्यासारखं. पण आबा कालव्यावर. समजा फोन म्हणाला, अजून चार दिवस पाणी नको. पाटकरी म्हणणार, पाळी आज आहे, पुढची कधी ते आवर्तन ठरेल तेव्हा. यात आबा कुणाचं ऐकतील हे सांगायला कृत्रिम किंवा नैसर्गिक कुठलीच बुद्धिमत्ता लागत नाही. १८८५ साली हा कालवा सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी त्यावर ब्लॉक पद्धत आणली, ठरलेल्या गटात ठरलेला हिस्साच ऊस, बाकी दुसरी पिकं, फेरपालट करून. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं ते सुचवणंही होतं आणि प्रक्रियेचं प्रारूपही, एकाच कागदावर. आज शेजपाळीचा नियम आहे, पाणी आधी टेलला, मग वर हेडकडे. नियम असा वर चढतो. पाणी उताराने येतं आणि वाटेत हेडवाले राहतात.

हे सगळं समजून घ्यायला संशोधक मंडळी मग प्रश्नावली आणतात. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये पायऱ्यांची मोजपट्टी दिली, तेव्हापासून जग ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच घरांत बसतं. आबा सगळीकडे ‘सहमत’वर खूण करतात. विचारलं तर म्हणतात, “पोरगी उन्हातनं आली, तिला कशाला असहमत व्हायचं?” इंग्लंडचे रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ सालच्या ग्रामविकासावरच्या पुस्तकात पाहुण्या अभ्यासकांच्या खोडी नोंदवून ठेवल्यात. ते डांबरी रस्त्यालगतच थांबतात, चालू प्रकल्पच बघतात, पुढारी माणसालाच भेटतात, कोरड्या ऋतूत येतात आणि सौजन्यापोटी अवघड प्रश्न विचारत नाहीत. चेंबर्स बारामतीला आले होते की नाही हे मला ठाऊक नाही, पण आमचे रस्ते चांगले असल्यामुळे ही पहिली खोड इथे फारच वाढली आहे. रस्त्यालगतच्या प्रगतशील शेतकऱ्याची तर पंचाईतच आहे. त्याच्याकडे इतके अभ्यासक येतात की त्याला शेती बघायला वेळ मिळत नाही. तीच शेती पुढच्या अहवालात नमुना म्हणून जाते.

तेव्हा सुचवणारी यंत्रं आणि प्रक्रियांची प्रारूपं या दोन विषयांत काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती एवढीच. मे महिन्यात येऊ नका. त्या वेळी तोड नसते, साहेब मोकळे असतात आणि मोकळा साहेब फार सुंदर प्रक्रिया सांगतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये या. डांबरी सोडून सुप्याकडे, लोणी भापकरकडे, मुर्टीकडे जिरायतात जा, तिथे मटकी का गेली आणि बाजरी का राहिली ते विचारा. कारखान्याच्या काट्याजवळ गाड्यांच्या रांगेत एक रात्र काढा, ड्रायव्हरबरोबर चहा प्या, प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. दोन वेगळ्या विभागांत शिकत असाल तर निदान एका गाडीने या. आणि पुढच्या वेळी ती बावीस पिकांची यादी उतरवून घ्याल तेव्हा आपल्या तालुक्याच्या मातीच्या, पावसाच्या आणि काट्याच्या पावत्यांच्या आकड्यांनिशी तिच्यात तेविसावं पीक घाला. पावत्या आबांकडे आहेत, १९८० पासूनच्या, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात. मागाल तर ते देतील. आजवर कुणी मागितल्या नाहीत.